सरासरीचा कोट

लेकीने हातातले गाइड कापड कापायच्या टेबलावर आपटले, तेव्हा टेलरमास्तर एका घागऱ्याच्या पट्ट्यात इलॅस्टिक ओवत होते.

"मला नाही जमत हे, बाबा! नर्स व्हायला निघालेय मी. इंजेक्शन द्यायचं सोडून सरासऱ्या कशाला काढत बसू?"

"कोण काढायला सांगतंय?"

"अख्खा पेपर आहे संख्याशास्त्राचा. मैत्रीण म्हणाली, जाडजूड पुस्तकाच्या नादी लागू नकोस, हे छोटं गाइड वाच, चुटकीसरशी होईल. चुटकी कसली! एका धड्याला एक पान. समजायला लागतंय तोवर धडा संपतो."

एवढे बोलून ती तणतणत आत गेली. दुकानाच्या मागेच घर होते, त्यामुळे तणतण बराच वेळ बाहेर ऐकू येत राहिली.

मास्तरांनी गाइड उचलले ते केवळ टेबल मोकळे करायला. बोटभरही जाड नव्हते ते. सहज पहिले पान उघडले, तर पहिलेच उदाहरण माणसांच्या उंचीचे. मास्तर चमकले. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या उंच्या, छात्या आणि कंबरा मोजल्या होत्या. पण या मोजण्याचे एक शास्त्र आहे, त्यावर पुस्तके निघतात, मुलांना त्याचे पेपर लिहावे लागतात, हे त्यांना आजवर कुणी सांगितलेच नव्हते. इलॅस्टिक अर्ध्या पट्ट्यात सोडून त्यांनी चष्मा पुसला आणि उभ्याउभ्याच वाचायला सुरुवात केली.

जेवायला बसेपर्यंत त्यांनी मध्यक गाठला होता.

"अगं, रांगेत बरोब्बर मधोमध जो उभा असतो ना, तो मध्यक! आणि सगळ्यात जास्त वेळा जे येतं, ते बहुलक."

"मग तुमची आत्या बहुलक," बायको म्हणाली. "आठवड्यात तीनदा येते."

"बरोब्बर!" मास्तर टाळी वाजवून ओरडले. बायकोने टोमणा मारला होता. त्याला शाबासकी मिळेल, असे तिला वाटले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून दुकानाची प्रयोगशाळा झाली. मास्तरांनी रिळे उंचीप्रमाणे उभी करून लेकीला मध्यक दाखवला. बटणे उधळून बहुलक दाखवले. लेक आधी कंटाळून बघत होती, मग हसत बघायला लागली आणि मग चक्क प्रश्न विचारायला लागली. बापाने गाइड हातातून सोडले की ती झडप घालायची आणि तिने खाली ठेवले की बाप. गिऱ्हाइके खोळंबली. एका वकिलाला आपल्या बाहीची लांबी विचारायची होती. ती सरासरीपेक्षा किती कमी आहे, एवढे ऐकून त्याला घरी जावे लागले.

नेमक्या अशा मुहूर्तावर गाणेबाई दुकानात शिरल्या.

गाणेबाई साबणाच्या कारखान्यातल्या कामगारांचा गायकवृंद चालवत. त्या आल्या त्याच धापा टाकत. "मास्तर, शनिवारी स्पर्धा आहे. सगळ्यांना निळे कोट हवेत. दर वर्षी आम्ही शेवटून पहिले येतो, निदान दिसू तरी नीट."

"शेवटून पहिले? का बरं?"

"अहो, आमच्याकडे बॉयलरवरचे बाप्ये आहेत. खर्ज लावतात की खिडक्या हादरतात! त्यांतल्या एकाला तर सगळे भोंगाच म्हणतात. पॅकिंगमधल्या मुली इतक्या गोड गातात, पण त्यांची नुसती तोंडं हललेली दिसतात. सांगून सांगून माझा घसा बसला, पण तो गडी छाती भरून श्वास घेतो आणि सोडतो तो सोडतोच." बाईंनी टेबलावर हात टेकले. "कोट होतील ना वेळेत? सगळ्यांची मापं घ्यायची म्हणजे पाळ्या वेगवेगळ्या, एकाला गाठावं तर दुसरा घरी झोपलेला."

एरवी मास्तरांनी हे काम सरळ नाकारले असते. माप घेतल्याशिवाय रुमालसुद्धा शिवत नाहीत, अशी त्यांची ख्याती. पण आदल्याच संध्याकाळी त्यांनी नमुन्याचा धडा वाचला होता. त्यांचे डोळे लकाकले.

"सगळ्यांची मापं कशाला? शास्त्र सांगतं, थोड्यांचा नमुना घेतला की पुरे!"

"असं चालतं?" बाईंनी विचारले.

"छापलेलं आहे," मास्तर म्हणाले.

छापलेले होतेच. फक्त त्या पानावर एक वाक्य असेही होते की, ‘नमुना यादृच्छिक असावा.’ गाइडात सगळेच थोडक्यात असल्यामुळे त्याचा अर्थ काही दिला नव्हता. मास्तरांनी तो शब्द दोनदा पुटपुटून पाहिला आणि त्यातला ‘ऐच्छिक’ त्यांना ओळखीचा वाटला. म्हणजे ज्याची इच्छा असेल त्याचे माप घ्यावे, जबरदस्ती करू नये. शास्त्र किती सभ्य आहे, असे मनाशी म्हणत ते टेप गळ्यात टाकून कारखान्यात गेले.

उपाहारगृहात त्यांनी खुर्चीवर चढून विचारले, "माप द्यायची कुणाकुणाची इच्छा आहे?"

पॅकिंगमधल्या मुली खिदळत धावल्या. त्यांच्यामागून शिडशिडीत पोरे आली. बॉयलर खात्याकडे निरोप गेला, तेव्हा तिकडून उलटा निरोप आला की आमचे आपले अंदाजाने करा. ज्यांच्या पोटाला टेप पुरायची मारामार, ते भर उपाहारगृहात सगळ्यांसमोर कशाला माप द्यायला येतात! मास्तरांना मात्र त्यात काही खटकले नाही. त्यांची इच्छा नव्हती, विषय संपला.

घरी येऊन त्यांनी बेरीज केली, भागाकार केला आणि छातीची सरासरी काढली. पुन्हा पुन्हा करून पाहिली, तरी तेच उत्तर आले. याचा त्यांना इतका आनंद झाला की बायकोला हाताला धरून त्यांनी टेबलापाशी आणले. निळ्या कापडाचे थर एकावर एक रचले होते. वर एकच खाका, एकच खडूची रेघ.

"हे काय? सगळ्यांना एकाच मापाचा कोट? ते काय जुळे भाऊ आहेत?" बायकोने विचारले.

"नमुन्यावरून काढलंय."

"नमुना बघायला कारखान्यात कशाला जायचं? घरात आरसा होता की!"

"तू थट्टा कर. पण मी विचलनाचीसुद्धा सोय केलीय. कुणी थोडा इकडे, कुणी थोडा तिकडे, ते गृहीत धरून शिवणीत दोन बोटं माया जास्त सोडतोय."

शिवणीच्या आत दडवून ठेवलेल्या जादा कापडाला शिंपी माया म्हणतात. बायकोने खडूची रेघ डोळ्यांनी जोखली आणि ती आत जायला निघाली. जाता जाता एवढेच म्हणाली, "माया भरपूर सोडा. लागेल."

आणि मास्तरांनी कात्री चालवली. आजवर इतक्या झपाट्याने आणि इतक्या खुशीत त्यांनी कधी काम केले नव्हते. ना कुणाचा एक खांदा उतरता, ना कुणाचे पोट सुटलेले. सगळी माणसे कशी एकसारखी, गुळगुळीत, सरासरी!

शनिवारी दुपारी कोट घड्या घालून गाठोड्यांत बांधले गेले. लेक कोपऱ्यात गाइड वाचत बसली होती. तिला आता ते खरोखरच समजायला लागले होते, आणि दुर्दैवाने नेमके याच वेळी ती नमुन्याच्या पानावर आली. मैत्रिणीच्या जाड पुस्तकातून उतरवून घेतलेला ‘यादृच्छिक’चा अर्थ तिच्याजवळ होता.

"बाबा, तुम्ही नमुना यादृच्छिक घेतलात ना?"

"म्हणजे काय! ज्याची इच्छा होती त्याचाच घेतला."

लेक हळूच उठून उभी राहिली. "बाबा, यादृच्छिक म्हणजे इच्छा नाही. म्हणजे चिठ्ठ्या टाकून, कुणाचंही नाव येईल असं. कोण कोण आलं होतं मापाला?"

"पॅकिंगमधल्या मुली. काही पोरं."

"आणि बॉयलरवाले?"

"त्यांची इच्छा नव्हती."

"का नव्हती?"

मास्तरांनी गळ्यातली टेप काढून हातात घेतली. माणसे माप द्यायला का लाजतात, हे जगात त्यांच्याइतके कुणाला ठाऊक होते? ते एकदम मटकन खाली बसले आणि लगेच उडी मारून उठले.

"कात्री घे! सुया घे! आईला हाक मार!"

तिघे गाठोडी काखेत मारून धावत सुटले. नाट्यगृहाच्या मागच्या खोलीत पोहोचले, तेव्हा गायकवृंद जमला होता. मुलींनी कोट चढवले. कोट त्यांच्या अंगावर असे बसले की मास्तरांना क्षणभर वाटले, निभावले बुवा. तेवढ्यात दार भरून भोंगा आत आला.

दार भरून म्हणजे खरोखरच भरून. त्याच्यामागे आणखी तीन बॉयलरवाले होते, पण तो आत सरकेपर्यंत ते दिसले नाहीत.

"नमस्कार मास्तर," भोंगा गडगडला. टेबलावरचा पाण्याचा ग्लास थरथरला. "द्या आमचा कोट."

कोट त्याच्या हातांत गेला, दंडांवर चढला आणि पाठीवर जाऊन अडकला. दोन्ही पाखे, म्हणजे पुढच्या दोन बाजू, समोर एकमेकींना भेटेनात. गाणेबाईंनी कपाळाला हात लावला. "मास्तर, हे काय करून ठेवलंत? आधीच आमचं हसं होतं, आता बघायलाही येतील लोक!"

"पाठमोरा करा त्याला!" मास्तरांची बायको कडाडली. "शिवणी उसवा!"

मायलेकी चौघांच्या पाठींमागे बसून शिवणी उसवू लागल्या आणि सोडलेली सगळी माया बाहेर काढून टाके घालू लागल्या. मास्तर समोरून पाखे ओढत होते. घोषणा ऐकू आली, "यानंतर, साबणाचा कारखाना!"

"पोट आत!" मास्तर ओरडले. "आणखी आत! श्वास सोडा... आता घेऊ नका!"

बटणे लागली. चौघे बॉयलरवाले चेहरे लालबुंद करून, खांबासारखे ताठ, छोटी छोटी पावले टाकत रंगमंचावर गेले. मास्तरांनी पडद्याआड डोळे मिटून घेतले.

गाणे सुरू झाले. बॉयलरवाल्यांना श्वास घ्यायला जागाच नव्हती. इकडून एक चिमूट, तिकडून एक चिमूट हवा ओढून ते जेमतेम गुणगुणत होते. भोंग्याचा खर्ज, ज्याने खिडक्या हादरायच्या, तो आज लांबून येणाऱ्या बोटीच्या आवाजासारखा हलकेच येत होता. आणि त्यावर पॅकिंगमधल्या मुलींचे सूर तरंगत होते, स्वच्छ, गोड. सभागृहात पहिल्यांदाच ते कुणाच्या तरी कानांवर पडत होते. बाईंचे हात हवेतच अडखळले. त्यांनी वळून मुलींकडे पाहिले, जणू त्या मुली त्यांना आजच भेटल्या होत्या.

शेवटचा सूर विरला. आता संपले म्हणून भोंग्याने अनवधानाने छाती भरून श्वास घेतला. मधले बटण सुटले ते थेट ध्वनिक्षेपकाच्या दांडीवर आदळले.

टण्ण!

टाळ्यांचा कडकडाट झाला. परीक्षकांनी पहिले बक्षीस जाहीर करताना खर्जातल्या संयमाचे कौतुक केले आणि ‘अखेरच्या त्या एकाच घंटानादा’चा खास उल्लेख केला.

सोमवारी मास्तर ओशाळून कारखान्यात गेले. चारही कोट नव्याने, नीट मापे घेऊन शिवून देतो म्हणाले. गाणेबाई वाघिणीसारख्या कोटांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. "हात लावाल तर खबरदार! पुढच्या महिन्यात मोठी स्पर्धा आहे."

लेकीचा पेपर झाला. नमुना कसा घेऊ नये, यावर प्रश्न आला होता. तिने इतके लिहिले की जादा पुरवणी मागून घ्यावी लागली. घरात पेढे वाटल्यासारखा उत्साह होता. मास्तर मात्र पुन्हा आपले प्रत्येकाला मोजू लागले होते, दोन-दोनदा.

आणि एके दिवशी गाणेबाई दुकानात शिरल्या, त्या पहिल्यापेक्षाही जोरात धापा टाकत. त्यांनी चार निळे कोट टेबलावर टाकले.

"मास्तर, घात झाला! कोटात मावायचं म्हणून ते चौघं रोज पहाटे पळायला जातायत. पोटं आत गेली. कोट आता अगदी अंगासरसे बसतायत!"

"मग छानच झालं की, बाई!"

"छान कसलं? छाती भरून श्वास घेता येतोय त्यांना! काल तालमीत खिडकीची काच गेली. पटकन दोन-दोन बोटं आवळून द्या."

मास्तरांनी टेप काढली. "जरूर. पण चौघांनाही इथं पाठवा. प्रत्येकाला मोजल्याशिवाय मी आता कात्री लावत नाही."

"तेवढा वेळ नाही. भोंगा बाहेर उभा आहे, त्याच्या एकट्याच्या मापावरून करा."

"अहो बाई," मास्तर आता जाणकाराच्या सुरात म्हणाले, "एका माणसावरून सगळ्यांचा निष्कर्ष काढायचा नसतो. शास्त्रात बसत नाही ते."

तेवढ्यात बाहेरून भोंग्याने "येऊ का आत?" असे विचारले. फळीवरची रिळे गडगडत खाली आली.

"हा एक माणूस आहे?" बाईंनी विचारले.

मास्तरांनी रिळांकडे पाहिले, लेकीकडे पाहिले. लेकीने खांदे उडवले. मग त्यांनी दार उघडून भोंग्याला आत घेतले आणि निमूटपणे त्याच्या एकट्याचे माप घेतले.