ईस्तारी मापाऱ्याचा पासंग

"उठ बे नत्थू, उठ आधी. इकडं पाच झाले, तिकडं सुखदेव एकटा. फळी पलटली तं चाय कोनाच्या आंगावर सांडन?"

असं ओरडत ईस्तारीभाऊ रस्ता ओलांडून आला. सायकल उभी करायलाही थांबला नाही. त्यानं ती चालती सोडून दिली आणि ती बिचारी सवयीनं एकटीच कडुनिंबापर्यंत गेली नि खोडाला टेकून उभी राहिली. नत्थू काही उठला नाही. तेव्हा ईस्तारीभाऊ स्वतःच सुखदेवच्या बाजूला धपकन बसला, दम खाल्ला, आणि ज्या पक्षाला त्यानं कालच्या संध्याकाळी धानाच्या पेंढीसारखं झोडपलं होतं, त्याच पक्षाच्या वतीनं छाती काढून म्हणाला,

"हं, आता बोला. काय म्हनून राहिले होते आमच्या नेत्याले?"

अड्याळच्या स्टँडवर चहाची जी टपरी आहे, तिच्यापुढे सागाची एक लांब फळी आहे. मधोमध एक दगड आणि दोन्ही टोकांखाली विटा. निवडणूक लागली की फळीच्या अलीकडच्या टोकाला एका पक्षाचे लोक बसतात, पलीकडच्या टोकाला दुसऱ्याचे. पक्षांची नावं मी इथं लिहीत नाही, कारण मला अजून याच गावात चहा प्यायचा आहे. अलीकडचे आणि पलीकडचे एवढं पुरे. एका निवडणुकीत पलीकडच्या टोकाच्या विटा कोणीतरी चुलीला नेल्या होत्या. अलीकडे सगळे उठून गेले, पलीकडे सात जण तसेच बसले, आणि अलीकडे उरलेला एकटा सुखदेव कपबशीसकट असा वर गेला की खाली येताना त्याच्या मुठीत कडुनिंबाचा पाला होता. मी पाहिलं आहे. त्या दिवसापासून ईस्तारीभाऊनं ठरवलं की ज्या टोकाला माणसं कमी, तिकडे आपण बसायचं.

हा माणूस धान खरेदी केंद्रावर मापारी. जन्म सगळा तराजूच्या काट्यापुढे गेला. हलकं पारडं समतोल यावं म्हणून त्यात एक छोटा दगड टाकतात, त्याला पासंग म्हणतात. ईस्तारीभाऊ स्वतःची ओळखच तशी करून देतो. बाहेरगावचा माणूस भेटला, "आपण कोण्या पक्षाचे जी?" असं त्यानं विचारलं, की हा हात जोडतो. "आपून पासंग हाओ, जी. हलकं दिसलं का तिकडं पडतो."

हे नुसतं निवडणुकीपुरतं असतं तर गावानं सोसलं असतं. पण जिल्ह्याची वाटणी होऊन गोंदिया वेगळा झाला, तेव्हा सगळं अड्याळ भंडाऱ्याच्या बाजूनं गळा काढत होतं आणि हा एकटा पारावर गोंदियाची बाजू मांडत उभा होता. गोंदियाला तो तोवर गेलाही नव्हता. जिल्हे दोन झाले, पण खासदार एकच राहिला, वेगळं निघालेल्या दोन भावांत म्हैस एकच राहावी तसा. त्यावरही याचं म्हणणं तयार होतं. "म्हशीचं कोनी इचारलं का, तिले काय वाटते?"

झाडीपट्टीतलं नाटक गावात आलं की खलनायक येताच सगळा मंडप त्याच्या सात पिढ्या उद्धरतो. ईस्तारीभाऊ एकटा टाळ्या वाजवतो. एकदा खलनायक मेला तेव्हा यानं वन्समोअर दिला, आणि तो नट एवढा भारावला की उठून परत मेला. घरातही तेच. बायको आणि पोरगी एका मताच्या झाल्या की हा मांजराच्या बाजूनं भांडतो. सुमनवैनीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, मला सांगितलेलं आहे की त्या घरात मांजराचं एकही मागणं आजवर फेटाळलं गेलेलं नाही.

ही जी निवडणूक मी सांगतो आहे, तिच्यात दोन्हीकडचे जाहीरनामे बाजाराच्या दिवशी आले. लोक वाचायला लागले तसा ईस्तारीभाऊ म्हणाला, "वाचून काय समजते? ठेवा काट्यावर." भाजीवाल्या शेवंताबाईचा तराजू त्यानं मागून घेतला आणि एका पारड्यात अलीकडच्यांचा जाहीरनामा ठेवला, दुसऱ्यात पलीकडच्यांचा. अलीकडच्यांचा जड निघाला. पलीकडे त्यानं एक वांगं टाकलं. तरी काटा हलेना. दुसरं टाकलं, तेव्हा कुठं पारडी बरोबरीत आली. भर बाजारात निकाल जाहीर झाला. "पलीकडच्यायनं दोन वांग्यायएवढं कमी लिवलं." ही बातमी भंडाऱ्याला पोचली आणि आठवड्यात पलीकडच्यांचा जाहीरनामा जाड कागदावर छापून आला, असं लोक सांगतात. लोक म्हणजे मीच, पण मी खूप जणांना सांगितलेलं आहे.

पलीकडच्यांच्या नेत्याची सभा झाली, तिथंही हा पुढे बसला. मापारी पोती मोजताना एक म्हणत नाहीत, पहिल्या पोत्याला 'लाभ' म्हणतात. नेत्यानं पहिलं आश्वासन दिलं, की याचा खणखणीत आवाज आला, "लाभ." दुसऱ्याला, "दोन." नेता एवढा गांगरला की मोजणीच्या ठेक्यात सापडून त्यानं यादीत नसलेला एक कालवा देऊन टाकला.

तर अशा माणसाच्या घरी, प्रचार ऐन उन्हाएवढा तापलेला असताना, मुलीचं लग्न ठरायची वेळ आली.

वैशाली त्याची एकुलती एक पोरगी. शिकलेली, हुशार, बापापेक्षा पुष्कळच सरळ. मुलगा करडीचा, तुमसरला एका शाळेत मास्तर. दोघांची पसंती झालेली होती. पसंती म्हणजे वैशालीनं हो म्हणताना आईकडे न बघता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं होतं, आणि सुमनवैनीला तेवढ्यावर सगळं समजलं होतं. देण्याघेण्याचा प्रश्न नव्हता. आता फक्त करडीची माणसं येणार, चहापाणी होणार आणि सुपारी फुटणार. सुपारी फुटली की शब्द पक्का. अडचण एकच. करडीचं ते घर पिढ्यान्‌पिढ्या अलीकडच्यांचं. मुलाचे वडील हरिचंदजी तर असे कडवे, की म्हणे पलीकडच्यांच्या प्रचाराची जीप गल्लीत शिरली की ते घरचा कूलर फुल करत, आवाज ऐकू येऊ नये म्हणून.

आदल्या दिवशी सुमनवैनीनं मला बोलावलं. मी शेजारी. सतरंज्या आणि खुर्च्या माझ्याच घरच्या जाणार होत्या, पण ते काम नव्हतं.

"भाऊजी," ती म्हणाली, "उद्या तुम्ही यायच्या बाजूले बसजा. हे उठले तं शर्ट धरजा."

"उठणार नाही तो. पोरीचं काम आहे," मी म्हणालो.

"तुमाले मालूम नाही. आमच्या लग्नात वऱ्हाडी बहुत आले अना माह्या घरचे कमी पडले, म्हून हे नवरदेव असून माह्या घरच्यायच्या बाजूनं पंगतीत वाढाले गेले होते." मग ती नवऱ्याकडे वळली. "ऐकून राहिले का? उद्या सारे एका बाजूचे राह्यले तरी तुम्ही त्याच बाजूचे. एक दिवस पासंग घरी राहू द्या."

ईस्तारीभाऊ मान खाली घालून "हव" म्हणाला. आत वैशाली भांडी घासत होती. तिच्या हातातलं भांडं त्या 'हव'पुरतं थांबलं आणि मग पुन्हा वाजायला लागलं.

दुसऱ्या दिवशी कारध्याच्या पुलावरून करडीची जीप आली. जीपमधून एवढी माणसं उतरली की शेवटी उतरलेल्या माणसाला वाटलं असेल, लग्न लागून गेलं. हरिचंदजी, त्यांचे चार भाऊ, जावई, दोन मित्र. बायका आत गेल्या. पुरुष अंगणातल्या मंडपात बसले. आमच्या गावची माणसंही सोयरिकीला जपून आज अलीकडची होऊन आली होती. सुखदेव तर मुळातलाच अलीकडचा. कूलर सुरू, पोहे आले, आणि पोह्यांबरोबर निवडणूक आली.

"यंदा तं आपलेच," हरिचंदजी म्हणाले.

"आपलेच जी," सगळा मंडप म्हणाला.

मी ईस्तारीभाऊकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम. मी शर्ट धरला.

नेत्यांची नावं निघाली. जाहीरनाम्यातलं एकेक कलम निघालं. प्रत्येकाला सगळ्यांच्या माना हलत होत्या. समोर एवढं पारडं जमिनीला टेकलेलं आणि दुसऱ्यात कोणीच नाही. मापाऱ्याला जिवंत ठेवून त्याच्यावर याहून मोठा अत्याचार कोणी केला नसेल. तो खुर्चीच्या कडेवर आला. मी ओढलं. त्यानं पाणी मागितलं. मी बसल्या जागी मागवून दिलं. त्यानं कूलर हलवायचं निमित्त काढलं. मी म्हणालो, कूलर छान आहे.

तेवढ्यात अगदी कोपऱ्यातून, जिथं कूलरचा वारा पोचत नव्हता तिथून, एक पातळ आवाज आला.

"पन धानाच्या बोनसचं पलीकडच्यायनंच लिवलं हाये."

एक म्हातारा होता. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, मांडीवर पोह्यांची बशी. जीपमधून तो उतरल्याचं माझ्याही लक्षात आलं नव्हतं. सगळे हसले. तसं दुष्टपणानं नाही, पण सगळेच एकदम.

"आबाजी, पोहे खा तुम्ही," हरिचंदजींचा धाकटा भाऊ म्हणाला. "घरी तं बोलूच देत नाही आम्ही यायले. इथं येऊन मोकळे सुटले."

पुन्हा हसू. म्हाताऱ्यानंही थोडं हसून घेतलं आणि बशीत बघायला लागला. त्याच्या दोन्ही बाजूंच्या माणसांनी चर्चा नीट ऐकू यावी म्हणून आपापल्या खुर्च्या पुढे ओढून घेतल्या होत्या.

मी शर्ट घट्ट धरला. पण शर्ट जुना होता. टर्रकन आवाज झाला, खिशासकट एक तुकडा माझ्या हातात राहिला आणि ईस्तारीभाऊ मंडप ओलांडून कोपऱ्यात गेला. एक रिकामी खुर्ची त्यानं म्हाताऱ्याच्या बाजूला सरकवली, बसला, आणि म्हणाला, "हं, आता बोला. काय म्हनून राहिले होते आमच्या आबाजीले?"

पुढचा अर्धा तास मी कसा लिहू? बोनस निघाला, कालवे निघाले, भारनियमन निघालं. ईस्तारीभाऊ बोलला की आबाजी त्याच्या मांडीवर थाप मारत. मग आबाजी स्वतःच बोलायला लागले. आवाज जाड होत गेला. टोपी मागे सरकली. कोण्या काळी त्यांनी स्वतः गावात प्रचार केला होता, बंडीवर, म्हणजे बैलगाडीवर, भोंगा बांधून, तेही सांगून झालं. अलीकडच्यांचा एकेक मोहरा गार होत होता आणि हरिचंदजी लाल होत होते. शेवटी ते उठले.

"हे असं घर आमच्या कामाचं नाही," ते म्हणाले. "जीप काढा."

चपलांची शोधाशोध सुरू झाली. आतल्या दारात सुमनवैनी उभी होती. तिच्या हातात ताट होतं आणि ताटात सुपारी तशीच होती. तिच्या मागे वैशालीचा फक्त पदर दिसत होता. तो हलत नव्हता. मी हातातला शर्टाचा तुकडा कुठं लपवावा ते न सुचून स्वतःच्या खिशात घातला.

तेव्हा मुलाची आई बाहेर आली. तोवर ती एक शब्द बोलली नव्हती. तिनं चपला घातलेल्या नवऱ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्याकडे पाहिलं. तिकडे आबाजींना जीपचा पत्ताच नव्हता. ते ईस्तारीभाऊला बंडीवरचा भोंगा कसा वाजायचा ते तोंडानं वाजवून दाखवत होते.

"बसा जी," ती नवऱ्याला म्हणाली.

"अवं, पन तू ऐकलं नाही का—"

"ऐकलं. माय गेल्यावर बाबाले आपल्या घरी आनलं, तवापासून आज पयल्यांदा त्यायचा आवाज ऐकला मी." ती सुमनवैनीच्या हातातल्या ताटापाशी गेली. "पोरगी याच घरची करन मी. सुपारी फोडा."

हरिचंदजी उभेच होते. मंडपातल्या माणसांनी कूलरकडे बघायला सुरुवात केली. मग हरिचंदजींनी चपला काढल्या.

सुपारी फुटली. अडकित्ता हरिचंदजींनी एवढ्या जोरानं दाबला की एक खांड उडून सुखदेवच्या चहात पडलं, आणि तोच पहिला हसला. वैशालीनं बापाकडे बघितलं आणि ताबडतोब घड्याळाकडे बघितलं. मतदानापर्यंत आबाजींनी करडीत आणखी कोणाकोणाला भोंगा वाजवून दाखवला, त्याच्या कहाण्या अड्याळपर्यंत आल्या. त्यांतल्या निम्म्या मी तयार केल्या आहेत, पण बाकी निम्म्या खऱ्या आहेत.

पाहुणे गेल्यावर मी आणि ईस्तारीभाऊ सतरंज्या गुंडाळत होतो. अंगात तोच फाटका शर्ट. मला राहवेना.

"ईस्तारीभाऊ, आबाजी मुलाच्या आईचे वडील आहेत, हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही."

"मग पलीकडच्यांचं ते बोनसचं पटलं तुम्हाला?"

"कायचा बोनस? कोनी देत नाही बोनस."

"मग पोरीचं लग्न पणाला लावून उठले कायले तिकडं?"

त्यानं सतरंजीचं टोक माझ्या हातात दिलं.

"त्यायच्या बाजूले कोनी बसलं नोहोतं," तो म्हणाला.