गायकवाड मेस्त्री आणि गप्प बसलेला पंप

यंत्र बिघडलं की सगळे त्याच्याकडे तोंड करून उभे राहतात. गायकवाड मेस्त्री त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचे.

मी आमच्या उरवड्याच्या कारखान्यात नवा होतो तेव्हा मला वाटलं, माणूस रुसलाय. पाकिटांवर लेबल चिकटवणारं मशीन सकाळपासून लेबलं वाकडी लावत होतं. चार जण त्याच्या भोवती स्क्रू पिळत होते. मेस्त्री आले, त्यांनी मशीनला एकदा थोपटलं, गर्रकन वळले आणि भिंतीकडे, छताकडे, खिडकीबाहेर बघत राहिले.

"मेस्त्री, मशीन इकडे आहे," मी म्हणालो.

"ह्याला सोडा हो, स्टोरसाहेब. हे बिचारं गरीब हाय. ह्याला कुनी छळलं ते बघू."

आणि निघाले. त्यांच्या मागे मी. लेबलच्या मशीनला हवा येते कंप्रेसरकडून. कंप्रेसरची हवा ओली. ओली का, तर कंप्रेसर जिथून हवा ओढतो त्या जाळीशेजारीच कॅन्टीनवाल्याने नवा पंखा बसवलेला, आणि भाताच्या पातेल्याची सगळी वाफ तो तिकडे फेकत होता. भात शिजला की लेबल वाकडं. कॅन्टीनचा पंखा दुसऱ्या भिंतीला गेला आणि लेबलं सरळ झाली. आमच्या मॅनेजरसाहेबांना मात्र वरच्या ऑफिसला पाठवायच्या कागदावर बिघाडाचं कारण म्हणून 'भात' लिहिताना फार यातना झाल्या.

आमचा कारखाना तयार भाज्यांच्या पाकिटांचा. राजमा, छोले, पालक-पनीर असं सगळं पाकिटात बंद करायचं आणि खोलीएवढ्या कुकरांमध्ये वाफेवर शिजवायचं. ती वाफ बॉयलरमधून येते. मी स्टोर सांभाळायचो. मेस्त्री देखभालीचे प्रमुख. वय अठ्ठावन्न, अंगाने काटक, खिशात कायम खडू. त्या खडूने ते जमिनीवर बाण काढत, या मशीनपासून त्या मशीनपर्यंत. तपासणीला पाहुणे येणार म्हटलं की मॅनेजरसाहेब ते पुसून घेत, पाहुणे गेले की मेस्त्री पुन्हा काढत.

सकाळची त्यांची फेरी म्हणजे करमणूक होती. बॉयलरवरच्या पोपटला ते विचारत, "पोपट्या, कंप्रेसर काय म्हनतोय?"

"मला काय म्हाईत? माझा बॉयलर हाय."

"तुझा? हुंड्यात मिळाला व्हय?"

मग पाण्याच्या प्लांटवरच्या संगीताताईंना, "ताई, बॉयलर बरा हाय का?" आणि मला, "स्टोरसाहेब, संगीताताईंचं पानी कसं हाय?" मी म्हणायचो, मेस्त्री, मी पाणी बघत नाही, मी माल देतो-घेतो. ते मान हलवत पुढे जायचे. "आमचं डिपार्टमेंट" हे शब्द कुणी काढले की त्यांच्या कपाळाची शीर उडायची. "शरीराला हात म्हनला, माझं काय घेनं न्हाई पोटाशी, तर जेवन कुटं जाईल?"

आम्ही हसायचो. मी तर जेवणाच्या सुट्टीत त्यांची नक्कल करून दाखवायचो, भिंतीकडे तोंड करून.

तो बुधवार होता. परदेशी जाणारी मोठी ऑर्डर चालू होती आणि तीन आठवडे कारखाना एक मिनिट थांबलेला नव्हता. जेवणाच्या आधी तीन नंबरचा कुकर तापेना म्हणून मेस्त्रींना बोलावलं. मी तिथेच होतो, नवे रबरी वायसर पोचवायला गेलो होतो. मॅनेजरसाहेब घड्याळ बघत उभे. मेस्त्री आले आणि नेहमीप्रमाणे कुकरकडे पाठ करून उभे राहिले. मी ओठ दाबून हसू आवरलं.

पण या वेळी ते हलेनात. मान तिरकी करून ऐकत राहिले. मग म्हणाले, "गप बसा सगळी."

भिंतीपलीकडे बॉयलरची खोली. तिथून आगीचा घुमणारा आवाज येत होता, रोजच्यासारखाच.

"पंप कवा बोलला?" मेस्त्रींनी विचारलं.

बॉयलरला पाणी देणारा पंप दर पाच-सात मिनिटांनी आपोआप सुरू व्हायचा, घुर्र करायचा, थांबायचा. दिवसभर चालणारा तो आवाज आम्हाला ऐकूच येत नसे. आता आठवायचा प्रयत्न केला तर कुणालाच आठवेना.

"वाफ चाललीया तीन-तीन कुकरात," मेस्त्री म्हणाले, "आन् पंप गप हाय. मंग पानी येतंय कुठनं?"

आणि ते धावले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस धावताना मी पहिल्यांदा पाहिला. आम्ही मागोमाग.

पोपट आपल्या खुर्चीवर निवांत होता. "काय झालं, मेस्त्री? पानी अर्ध्या काचेला हाय, बगा की."

खरंच होतं. बॉयलरच्या अंगाला एक काचेची नळी असते, आत किती पाणी आहे ते दाखवणारी. दोन असतात, पण एक गळते म्हणून बंद होती. चालू काचेत पाणी बरोबर मध्यावर होतं. मॅनेजरसाहेबांनी सुस्कारा सोडला.

मेस्त्री काचेपुढे वाकले. बोट न लावता बघत राहिले. त्यांच्या मानेवर घाम आला होता.

"हे पानी हलत न्हाई," ते हळू आवाजात म्हणाले. "चालू बॉयलरच्या काचेत पानी थरथरतं. हे मेल्यालं हाय. खालनं नळी तुंबलीया. आत पानी किती हाय ते देवाला ठाऊक."

पोपटचा चेहरा पांढरा पडला. त्याला काय सुचलं कोण जाणे, त्याने झेप घेऊन पंपाच्या बटणाकडे हात नेला. मेस्त्रींनी त्याचं मनगट धरलं, इतकं जोरात की पोपट ओरडला.

"न्हाई! आतल्या आगीच्या नळ्या पान्याभाईर उघड्या पडल्या असतील तर लाल झाल्यात. गार पानी पडलं की सगळं उडंल. तू, मी, भिंत, पलीकडं पाकिटं भरनाऱ्या बायका. हात लावू नगंस!"

मग त्यांनी आग बंद केली. तो घुमणारा आवाज थांबला आणि खोली एकदम मोठी वाटायला लागली.

"थांबा," मॅनेजरसाहेब म्हणाले. "कुकरमधला सगळा माल जाईल. काचेत पाणी दिसतंय ना? एका अंदाजावर तुम्ही..."

"साहेब," मेस्त्री म्हणाले, "मी चुकलो तर माल जाईल. तुमी चुकला तर मानसं जातील. बायकांना भाईर काढा. आत्ता."

साहेबांनी एक क्षण त्यांच्याकडे पाहिलं आणि भोंगा वाजवला. ते श्रेय मी त्यांना देतो.

आम्ही सगळे फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिलो. डोक्याला जाळीच्या टोप्या घातलेल्या साठ-सत्तर बायका, मसाला लागलेले हात. मोजणी झाली. एक माणूस कमी. मेस्त्री आत होते. बॉयलरच्या खोलीच्या दारात, भिंतीच्या आडोशाला उभे राहून वाफेच्या दाबाचा काटा बघत होते. कुणी काही उघडू नये, काही चालू करू नये म्हणून.

"बोलवा की त्यांना," संगीताताई मला म्हणाल्या. "येडं हाय का ते मानूस?"

मी हाक मारली. त्यांनी मागे न बघता हात हलवला, थांबा म्हणून.

पाऊण तास गेला असेल. आयुष्यात तेवढं लांब काही मी अनुभवलेलं नाही. पोपट खाली बसून गुडघ्यात डोकं घालून रडत होता. मी रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या बघत होतो आणि मला एकच गोष्ट आठवत होती. ती आठवू नये म्हणून मी गाड्या बघत होतो.

अखेर मेस्त्री बाहेर आले. "उतरला काटा," म्हणाले, आणि फाटकाशी मटकन बसले.

दुसऱ्या दिवशी बॉयलर पुरता गार झाल्यावर उघडला. वरच्या नळ्यांच्या दोन रांगा कोरड्या, जळून निळ्या पडलेल्या; वाफ कमी पडून तीन नंबरचा कुकर तापत नव्हता तो त्यामुळेच. पंपाला 'पाणी कमी झालं, चालू हो' असं सांगणारा तरंगता गोळा, फ्लोट, पांढऱ्या चिखलात रुतून बसला होता. त्याच चिखलाने काचेची वाट बुजवली होती. फ्लोट अडकला म्हणून पंप गप्प, आणि काच तुंबली म्हणून कुणाला कळलं नाही.

संध्याकाळी साहेबांच्या केबिनमध्ये चौकशी झाली. साहेब, पोपट, मेस्त्री आणि मी. साहेबांच्या पुढे कागद. "मला नाव पाहिजे," ते म्हणाले. "वरून विचारतायत."

मेस्त्रींनी खडू काढला आणि केबिनच्या चकचकीत फरशीवर बाण काढायला सुरुवात केली. फ्लोट आणि काच चिखलाने अडली. चिखल साठला, कारण रोज खालचा व्हॉल्व्ह उघडून गाळ सोडायचा असतो तो तीन आठवडे सोडला नाही. सोडला नाही, कारण त्यात वाफेचा दाब जरा उतरतो आणि ऑर्डर थांबवायची नाही असा हुकूम होता. साहेब खुर्चीत सावरून बसले. आणि गाळ एवढा झाला, कारण बॉयलरला जड पाणी गेलं. आमच्या बोअरचं पाणी जड, त्यात चुना फार. ते संगीताताईंच्या प्लांटमधल्या टाकीत मऊ होतं. ती टाकी मिठाच्या पाण्याने धुवावी लागते, तरच ती काम करते.

खडू त्या टाकीपाशी आला. पुढचा बाण मीठ. मिठाच्या पुढचा बाण मी.

संगीताताईंनी मिठाची मागणी दोनदा लिहून दिली होती. दोन्ही चिठ्ठ्या माझ्या ट्रेमध्ये होत्या. खोक्यांचा टेम्पो येणार होता, त्यातच मीठ आणू, वेगळी गाडी कशाला, असं मी ठरवलं होतं. टेम्पो लांबला. मीठच तर आहे, असं मी स्वतःला म्हणालो होतो. चौकशीच्या आधी संगीताताईंनी हे सगळं मेस्त्रींना सांगितलेलं होतं, ते मला मेस्त्रींच्या नजरेवरून कळलं. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं.

मग खडू खिशात टाकला. "ही सगळी देखभाल माझ्याकडं हाय. मी बगायला पायजे हुतं. लिवा माझं नाव."

आणि मी गप्प बसलो. हे लिहिताना आजही माझे कान गरम होतात, पण बसलो.

साहेबांनी मेस्त्रींना 'पुढचा निर्णय होईपर्यंत' घरी थांबायला सांगितलं. फाटकाजवळ मी त्यांना गाठलं. "मेस्त्री, का केलंत असं? तुम्हाला माहीत होतं."

ते स्कूटरची किक मारता मारता थांबले.

"आदी मी दुसऱ्या कारखान्यात हुतो. तितं एकदा पत्रा कापायच्या प्रेसवर अपघात झाला, एकाची बोटं गेली. मी असाच मागं मागं गेलो, बान काढत काढत. शेवटचा बान माज्या दाजींपाशी आला. सख्ख्या बहिनीचा नवरा. संरक्षक दांडा त्यांनी काढून ठेवला हुता, काम भराभरा व्हावं म्हनून, आन् त्यांना तसं सांगनारा येगळाच हुता. पर मी नाव घेतलं दाजींचं, सगळ्यांसमोर, लई ऐटीत. दाजींची नोकरी गेली. माझी बहीन मंदा तवापासनं माझ्या दारात आली न्हाई. बारा वर्सं झाली." किक मारली. "बरोबर हुतो मी. काय उपेग झाला?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि दोन्ही चिठ्ठ्या त्यांच्यापुढे ठेवल्या. फरशीवर कालचे बाण तसेच होते. साहेबांनी त्या उलटसुलट करून वाचल्या. मग म्हणाले, "गाळ सोडू नका हे मीच सांगितलं होतं. तेही लिहावं लागेल." आणि त्यांनी ते लिहिलं. मला लेखी समज मिळाली आणि माझी बढती गेली. साहेबांचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, पण मेस्त्री आठवड्यात परत आले. आल्या आल्या माझ्यावर डाफरले, "कशाला गेलतात शहाणपना करायला?" आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

महिनाभराने ते माझ्या टेबलाशी आले. इकडे तिकडे बघत म्हणाले, "स्टोरसाहेब, ऐतवारी मोकळं हाय का? ताम्हिणीला जाऊन येऊ. मंदाचा ढाबा हाय तितं. मी एकटा गेलो तर पाय उचलायचा न्हाई."

आम्ही गेलो. घाटाच्या वळणावर पत्र्याचा ढाबा, बाहेर दोन बाकडी. आत एक बाई भाकरी थापत होती, आणि एक उंच माणूस टेबलं पुसत होता. मेस्त्रींना पाहून त्याचा हात थांबला. रस्त्यावर स्कूटर उभी करून मेस्त्री तिथेच खिळले. सगळ्या वाटेत ते काय बोलायचं याची तयारी करत होते.

"दाजी," एवढंच म्हणाले. "मी... त्या वक्ताला..."

दाजींनी फडकं खांद्यावर टाकलं. बाकावरच्या पाण्याच्या बाटल्या उचलून त्यांनी दोघांपुरती जागा केली.

मंदाताई पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आल्या. भावाकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"आलास व्हय हिकडं? मला वाटलं, त्या समोरच्या टपरीवरच जलम काढतोस का काय."

मी वळून पाहिलं. रस्त्याच्या पलीकडे एक चहाची टपरी होती. मेस्त्री जमिनीकडे बघत होते.

"दर ऐतवारी येतोस," मंदाताई म्हणाल्या, "तितं बसून च्या पितोस, हिकडं बगतोस, आन् जातोस. बारा वर्सं. मला दिसत न्हाई व्हय?" त्यांचा आवाज फाटला. "आरं, एकदा तरी रस्ता वलांडायचास की रं, दादा."

मेस्त्रींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी जरा लांब, घाटाच्या कठड्यापर्यंत चालत गेलो.