तीन डब्यांचे तीन बैल

रविवारी सकाळी दूध आणायला गेलेला ग्रामसेवक आकाराम तालमीजवळ गप्पांत अडकला आणि दोन तासांनी घरात शिरला, तर देव्हाऱ्यापुढच्या पाटावर मातीचे तीन बैल ऐटीत उभे. कपाळांना हळद-कुंकू, पुढ्यात पुरणपोळी. शेजारी स्वच्छ धुऊन उपडे घातलेले तीन प्लास्टिकचे डबे. आकारामनं एक डबा उलटून आत बघितलं.

"अव्वा, ह्या डब्यांतली माती कुठाय?"

"ती काय, पाटावर हाय की!" त्याची आई यल्लव्वा कौतुकानं म्हणाली. "आज बेंदूर. अख्खी गल्ली पालथी घातली, तर कुंभाराच्या दारात एक बैल न्हाई. म्हणतोय, म्हयन्यानं या आज्जी."

कुंभाराचंही बरोबर होतं. यल्लव्वा गडहिंग्लजकडची, तिचा बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, कर्नाटकी. तो ज्येष्ठातच येतो. कोल्हापूरकरांचा आषाढात. लेकाकडे चार दिवस राहायला आलेल्या म्हातारीनं शहराचा रिवाज ऐकून घेतला आणि आपला सण साजरा केला.

"अगं, झाकणावर लाखेचं शिक्कामोर्तब हुतं!"

"व्हय, लई चिवट. सुरी लावली तवा निघालं."

ती माती साधी नव्हती. नदीवरच्या बंधाऱ्यामागं साठलेल्या गाळात कुठलं कुठलं विष मुरलंय, याची तपासणी व्हायची होती. वरची, मधली आणि खालची अशा तीन वाड्या त्या बंधाऱ्याच्या काठावर, आणि तिन्हींचा कारभार एकट्या आकारामकडे. पाण्यात उतरलेल्या पोरांच्या अंगावर चट्टे उठत होते, तरी तपासणीचा खर्च कुणी द्यायचा यावर तीन सरपंच अकरा महिने भांडले. शेवटी प्रत्येकी तिसरा हिस्सा ठरला. पण पुढं बंधाऱ्यातला सगळा गाळ उपसायची वेळ आली, की ज्याच्या काठाला विष जास्त त्यानं जास्त भरायचं, असंही त्याच कागदावर आलं. कुणाचाच कुणावर भरवसा नव्हता. म्हणून नमुन्याचा गाळ काढल्यावर चार दिवस आपापला डबा ज्याच्या त्याच्या पंचायतीच्या कपाटात राहिला, आणि शनिवारी संध्याकाळी आकारामच्या हाती आला. सोमवारी दहाला प्रयोगशाळेत द्यायचा. पंचनाम्यावर सही एकट्या आकारामची. नमुने गेले म्हणजे चौकशी लागणार, आणि करार मोडून पुन्हा अकरा महिने भांडण. ती पोरं तोवर खाजवत बसणार.

त्यानं मन घट्ट करून पहिला बैल उचलला. अजून ओला होता. चेंदून परत डब्यात कोंबता आला असता.

"आरं, पुजल्याला बैल मोडतोस? हात झडतील!" यल्लव्वानं त्याचं मनगट धरलं.

"अव्वा, नदीतला गाळ हाय त्यो! इखारी! सरकारी!"

यल्लव्वानं बैलाकडं बघितलं, लेकाकडं बघितलं, आणि ती खो खो हसत सुटली.

"गाळ? साठ वर्सं बैल करतीया मी. गाळाचा बैल हुतोय व्हय रं? पाय फतकल मारत्यात. ही तर वीटभट्टीवरची लाल चिकण माती. त्यो दुसरा काळ्या रानातला, लई झ्याक मळला. आनि तिसऱ्यात तर उसाचं मूळ गावलं, त्येचीच शेपटी लावलीया बघ."

आकारामनं बैल नाकाशी नेला. गाळ काढला त्या दिवशी वासानं त्याला दोन वेळचं जेवण गेलं नव्हतं. ह्या बैलाला नांगरटीचा गोड वास येत होता. त्यानं तिन्ही हुंगले. तिन्ही गोड. लाख सरपंचांची, शिक्का सरपंचांचा आणि कपाटाची किल्लीही सरपंचांचीच. त्याच्या डोक्यात सगळा प्रकार लख्ख झाला: आपल्या काठाचं विष लपवायला तिघांनीही गाळ बदलला होता.

त्यानं वरच्या वाडीच्या हंबीररावांना फोन लावला.

"सरपंच, जरा घोटाळा झालाय. तुमच्या डब्यातल्या मातीचा आमच्या आईनं बेंदराचा बैल केला."

आकारामनं शिव्यांची तयारी ठेवली होती. पलीकडे हंबीरराव नुसते खाकरले.

"बैल... हुबा ऱ्हायला?"

"चारी पायांवर. लई देखणा झालाय."

"भाऊसाहेब," हंबीररावांचा दणदणीत आवाज एकदम कुजबुजीवर आला, "म्हातारीला काय बोलू नका. उद्या पहाटं दुसरा गाळ काढूया. खर्च सगळा आमच्या पंचायतीचा. फकस्त त्या दोघांस्नी कळाय नको."

मधल्या वाडीचे बाळासो तर बैल म्हटल्याबरोबर म्हणाले, "तपासणीचा खर्चबी आमीच भरतो की, तिन्ही वाड्यांचा! शेजाऱ्यांकडनं काय घ्यायचं?" खालच्या वाडीच्या झुंबरबाईंनी आधी, "शेपटी कशाची लावली म्हनायची?" असं विचारलं, उत्तर ऐकून कपाळावर हात मारल्याचा आवाज आला, आणि मग त्यांनीही सगळा खर्च एकटीनं उचलायची तयारी दाखवली. वर आईसाठी एक जरीचं लुगडं.

"लुगडं नको ताई," आकाराम म्हणाला. "ठरलाय तेवढा तिसरा हिस्साच द्या. पर ह्या खेपेला डबे माझ्याकडं ऱ्हातील, आनि तिघांनीबी गुडघाभर गाळात उतरायचं."

"उतरतो की! कितीला यायचं तेवढं सांगा."

आकारामनं फोन ठेवला. हेच डबे उद्या प्रयोगशाळेत गेले असते, तर नदी निर्मळ आहे असा दाखला त्याच्या सहीनिशी आला असता, आणि चट्टेवाली पोरं पुन्हा त्याच पाण्यात पोहली असती. त्यानं पाटापुढं बसून तिन्ही बैलांना मनापासून हात जोडले, मग आईच्या पायाला हात लावला.

"आता काय झालं रं?" यल्लव्वा गोंधळली. "मगाशी तर अंगावर येत हुतास."

"काय न्हाई. पोळी वाढ. तूप जास्त घाल," आकाराम म्हणाला. सपाटून भूक लागली होती.