शेवटच्या रेघेपल्याड

सानप सर स्टाफरूममध्ये हेल्मेट घालून चहा प्यायचे. मोटारसायकलचं नव्हे, अमेरिकन फुटबॉलचं, तोंडापुढे लोखंडी जाळी असलेलं. जाळीतून कप आत जात नाही, म्हणून स्ट्रॉ. फोन कानाला लागत नाही, म्हणून स्पीकर. "डोक्याला सवय पायजे, सर," ते मला सांगायचे. संघाकडे असं हेल्मेट एकच होतं, आणि सवय झाली ती न खेळणाऱ्या डोक्याला.

कडा गावाजवळच्या आमच्या कॉलेजात हा खेळ का आला, हे कुणालाच सांगता येणार नाही. उद्‌घाटनाला प्राचार्यांनी त्याला 'जागतिक झेप' म्हटलं, बॅनरवर संघापेक्षा स्वतःचा फोटो मोठा छापला आणि लांबट चेंडू हातात आल्यावर माइकवरच विचारलं, "याची हवा गेलीय का?"

पोरांनी खांद्यांना गोधडीचे तुकडे बांधले. सरांची शिकवण एवढीच: "चेंडू काखेत धरायचा, शेवटच्या रेघेपल्याड न्यायचा. मधी कुनी आलं, तर त्यालाबी संगं न्यायचं." पहिल्याच सामन्यात निवृत्ती आघावने चेंडू डोक्यावर घेतला आणि एका हाताने धरून संथ चालू लागला. उसाची मोळी तशीच नेतात. समोरचा संघ आधी पोटभर हसला, मग चेंडू घेऊन गेला.

एक सामना उरला, तोवरचे सगळे आम्ही हरलो, तेही शून्यावर. "हरलो न्हाई, जरा मागं राहिलो," सर म्हणायचे.

एकदा मी म्हटलं, "बंद करा की हे."

"एक डाव रेघ वलांडू द्या, सर. मग खुशाल बंद करा."

शेवटचा सामना आमच्याच मैदानावर, माजलगावच्या संघाशी, दसऱ्यानंतर ठरला. दसरा झाला की आमची निम्मी पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात. तारीख ठरवणाऱ्याला हे कोण सांगणार? सर तोडणीला टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या दारात गेले. सामना होस्तोवर ट्रक थांबवा म्हणाले.

"कावून, मास्तर? कारखाना तुमच्या चेंडूवर चालतो व्हय?"

शेवटी तडजोड झाली. ट्रक मैदानाच्या कडेला उभा राहील. हॉर्न वाजला की पोरांनी निघायचं.

हॉर्न वाजला तेव्हा चेंडू निवृत्तीच्या काखेत होता. ट्रकमध्ये भांड्यांच्या पोत्यावर बसून त्याची आई हाका मारत होती. तो सुटला. आडवे आलेले दोघं त्याने ओढत नेले, रेघ ओलांडली आणि थांबलाच नाही. तसाच रस्त्यावर जाऊन ट्रकमध्ये चढला, चेंडूसकट. मागून बाकीचे चढले. पंचाने दोन्ही हात वर करून आम्हाला गुण दिले, आणि आमच्याकडे खेळायला माणसंच उरली नाहीत म्हणून सामना माजलगावला.

"वलांडली," सर म्हणाले. प्राचार्यांनी टाळ्या वाजवल्या. सर ट्रकमागच्या धुळीकडे बघत होते.

तेव्हापासून हेल्मेट कपाटावर पडून होतं. सर मात्र रोज संध्याकाळी रिकाम्या मैदानावर फक्कीने रेघा आखायचे. परवा स्टाफरूममध्ये त्यांचा फोन वाजला. सवयीने स्पीकर लागला.

"सर, निवृत्ती बोलतोय. बॉल माझ्यापाशीच हाय, फडावर, पाचटाच्या कोपीत. आई म्हनती, चोरून आनला का."

"तिला सांग, सरांनी दिलाय."

"इथं खेळाया कुनी न्हाई, सर."

"हितंबी न्हाई रं." सरांनी फोन जवळ ओढला. "माघारी येशील ना?"

पलीकडे कुणीतरी त्याला हाक मारली आणि फोन बंद झाला.

सरांनी कपाटावरचं हेल्मेट काढून डोक्यात घातलं. चहा आला. मी स्ट्रॉ पुढे सरकवली. त्यांनी मान हलवून नको म्हटलं आणि जाळीआडचं तोंड खिडकीकडे वळवलं.