भोंगाकाकांचं सातवं मत

"एक खुर्ची द्या हो मला त्या समितीत! फक्त एक! मग बघा, एकेकाला कसा सुतासारखा सरळ करतो!"

भोंगाकाका हे वाक्य गेली बावीस वर्षं दर रविवारी म्हणत आले होते. धंद्याने सुतार, त्यामुळे सरळ करण्याची भाषा त्यांना शोभायचीही. पण घसा असा, की मैदानाच्या या टोकाला ते शिंकले तर त्या टोकाचा गोलकीपर सावध व्हायचा. म्हणून नाव पडलं भोंगा. पुढे वय वाढलं, त्यामागे काका लागलं.

आता लोक बोलतात ते सगळं कुणी मनावर घेत नाही. पण गावच्या फुटबॉल लीगवाल्यांनी घेतलं की हो! सामन्यांना गर्दी घटायला लागली, तेव्हा कुणा शहाण्याच्या डोक्यात आलं की प्रेक्षकांनाही कारभारात स्थान द्यावं. रीतसर, मतासकट! तोवर सहा क्लबांचे सहा प्रतिनिधी आणि एक बिनमताचा अध्यक्ष बंद खोलीत काय ते ठरवायचे आणि प्रेक्षकांना ते फाटकावरच्या फळ्यावर वाचायला मिळायचं. आता सातवं मत प्रेक्षकांचं. बेकरीत मतपेटी ठेवली, आणि भोंगाकाका बिनविरोध निवडून आले. विरोधात उभं राहणार कोण? प्रचारात त्यांच्याइतकं ओरडायचं कुणी?

पहिल्याच बैठकीच्या विषयपत्रिकेतून पहिला घाला आला तो थेट काकांच्या काळजावर. पूर्वेची लाकडी गॅलरी उखडायची आणि तिथे नंबर घातलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या बसवायच्या, असा ठराव होता.

ही गॅलरी काकांनी आणि त्यांच्या वडिलांनी बांधलेली. काका तेव्हा एकोणीस वर्षांचे. वडील ठोकायचे आणि काका तोंडात खिळे धरून एकेक पुढे करायचे. नऊ ओळी. दुपारी चारच्या उन्हाने फळ्या अशा तापायच्या, की बसल्याबरोबर ऊब पार मानेपर्यंत चढायची. आणि आपल्या संघाला कॉर्नर मिळाला, की नऊच्या नऊ ओळी एकदम टाचा आपटायच्या. धाड धाड धाड! बस डेपोपर्यंत ऐकू जायचं. पुढे वडिलांची नजर गेली, तरी ते मैदानावर यायचे. नुसत्या आवाजावरून सांगायचे, चेंडू कुठल्या बाजूला आहे ते. "आपल्या फळ्या बोलतात रे," म्हणायचे. वडील जाऊन आता कितीतरी वर्षं झाली, पण त्या टाचा वाजल्या की काकांचे डोळे अजून भरून येतात. आणि प्लास्टिकवर टाच मारली तर काय वाजणार? कपाळ!

काकांनी कंबर कसली. पंधरा दिवस ते सहा क्लबवाल्यांच्या मागे हात धुऊन लागले. एकाला त्याच्या आजोबांचा तिसऱ्या ओळीतला जुना फोटो नेऊन दाखवला. दुसऱ्याला गॅलरीत नेऊन टाचा आपटायला लावल्या. तिसऱ्याशी इतकं बोलले, इतकं बोलले, की तो हात जोडून म्हणाला, "देतो मत, पण आता घरी जा." उरलेले तिघे मात्र प्लास्टिकला चिकटून बसले. म्हणजे तीन विरुद्ध तीन, आणि निकाल काकांच्या एका मतावर!

"घोडं गंगेत न्हालं म्हणून समज," काका बायकोला म्हणाले.

काकूंनी इस्त्रीचा शर्ट पुढे केला. "तिथे ओरडायचं नाही. हळू बोला. आणि मुख्य म्हणजे बैठकीत लक्ष द्या."

"अगं, लक्ष काय द्यायचंय? हात वर करायचा नाही, एवढंच तर काम! तुम्ही सगळे समोर गॅलरीत बसा. ठराव पडला, की मी खिडकीतून हात वर करून दाखवतो."

बुधवारी पाचला बैठक भरली. लीगचं ऑफिस गॅलरीच्या बरोबर समोर, खेळाडूंच्या खोलीवर. लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, आणि काकांना मिळालेली खुर्ची नेमकी खिडकीशेजारी! खाली मैदानात टपाल खातं आणि बस डेपो यांचा मैत्रीचा सामना चालू होता. पलीकडे गॅलरीत चाळीसेक मंडळी घेऊन काकू बसल्या होत्या.

अध्यक्षांच्या खुर्चीवर होते शिट्टीसाहेब. हे नाव काकांनीच ठेवलेलं. बावीस वर्षांपूर्वी कपाच्या अंतिम सामन्यात, शेवटच्या मिनिटाला, आपला गोल ऑफसाइड म्हणून, म्हणजे गडी बचाववाल्यांच्या पुढे उभा होता म्हणून, नाकारणारे पंच ते हेच! तो कप गेला तो गेलाच. तेव्हापासून दर रविवारी मध्यंतरात काका तिसऱ्या ओळीत उभे राहून त्या गोलची कथा सांगत. "या, या डोळ्यांनी पाहिलाय मी! दोन हात मागे होता आपला गडी! दोन हात!" आणि शेवट ठरलेला, "एक खुर्ची द्या हो मला त्या समितीत!"

तर बैठक सुरू झाली. पहिला तास फाटकाला कुठला रंग द्यायचा यात गेला. काका गप्प बसून होते. जन्मात पहिल्यांदा! एक तास! तोंड बंद ठेवता येतं, डोळे कसे ठेवणार? नजर हळूच खिडकीतून खाली मैदानावर घसरली. डेपोवाले चढाईवर होते. चेंडू हिसकावला. टपालवाल्यांनी लांब मारला...

"ठराव वाचून झाला आहे," शिट्टीसाहेब म्हणाले. "लाकूड काढून प्लास्टिक बसवावं. ज्यांना मान्य असेल, त्यांनी हात वर करावेत."

आणि नेमका त्याच क्षणी टपालवाल्यांच्या पोऱ्याला चेंडू मिळाला तो सगळ्यांच्या पुढे, एकटा, मोकळा! चाळीस वर्षांची सवय हो! काकांचा उजवा हात खाडकन वर गेला.

"ऑफसाइड!"

टेबलावरचे कप थरथरले.

"...तीन, आणि हे चार," कारकुनाने मोजलं आणि शाईच्या पेनाने लिहूनही टाकलं. "ठराव चार विरुद्ध तीन मतांनी मंजूर."

काकांनी वर पाहिलं. चार हात वर होते, आणि त्यातला एक इस्त्रीच्या बाहीतला होता. आपलाच हात, पण क्षणभर त्यांना ओळखू येईना. तेवढ्यात समोरून आवाज आला. धाड धाड धाड! गॅलरीतल्या मंडळींना हात दिसला होता. जिंकलो! नऊ ओळी नाचायला लागल्या. बेकरीवाला तर पत्र्याचा ट्रे घेऊनच आला होता, तो बडवत सुटला.

"अहो, हे मत नव्हतं!" काका किंचाळले. "तो ऑफसाइड होता!"

"कोण?" कारकुनाने विचारलं.

"तो टपालवाला!"

"तो समितीवर नाही."

"मला माहितीये तो समितीवर नाही! खोडा ते!"

"शाईने लिहिलंय. सही होईपर्यंत दुरुस्ती करता येते, पण ती फक्त अध्यक्षांना."

सगळ्या जगात एकाच माणसाच्या हातात गॅलरी उरली होती, आणि त्या माणसाला त्यांनी बावीस वर्षं दर रविवारी आंधळा म्हटलं होतं.

"हात वर केला होता की नव्हता?" शिट्टीसाहेबांनी शांतपणे विचारलं.

"केला होता, पण..."

"मी तीस वर्षांत एकदाही निर्णय फिरवलेला नाही."

"तेच तर चुकलंय ना तुमचं!" काकांच्या तोंडून निघून गेलं. मेलो, त्यांच्या मनात आलं.

शिट्टीसाहेबांनी वही जवळ ओढली. "मंडळी, पाच मिनिटं बाहेर चहा घ्या. सुतारकाकांशी मला बोलायचंय."

दार लागलं. बाहेर टाचा वाजतच होत्या. शिट्टीसाहेब म्हणाले, "तुमचं रविवारचं भाषण इथपर्यंत ऐकू येतं. दर रविवारी मी याच खिडकीत बसून ऐकतो. एकच सांगा. तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत म्हणता. खरं सांगा, ऑफसाइड होता की नव्हता? मग या पानाचं काय करायचं ते बघू."

काका कात्रीत सापडले. माणसाला काय ऐकायचंय ते उघड होतं. एक शब्द बोलायचा, 'होता'. फळ्या वाचल्या! पण मग गोल गेला. बावीस वर्षांची इज्जत गेली. बरं, 'नव्हता' म्हणावं, तर फळ्या सरणाला लागल्या. समोर उन्हात गॅलरी सोन्यासारखी दिसत होती. वडिलांनी मारलेल्या खिळ्यांसाठी खोटं बोलायला जीभ रेटेना.

"साहेब," काका इतक्या हळू बोलले, की त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. "मी पाहिलाच नाही तो."

"काय?"

"मी खाली होतो. फळ्यांच्या खाली. लोक इतके नाचत होते, की तिसऱ्या ओळीचा खिळा सुटला. फळी निघाली असती, कुणाचा पाय मोडला असता. म्हणून हातोडी घेऊन आत शिरलो. वर बघितलं तर नुसते पाय. आणि एकदम सगळे पाय उठले! फळ्यांवर एकही पाय नाही, फटींतून नुसतं ऊन. मग धाडदिशी सगळे खाली आले, आणि मागोमाग तुमची शिट्टी."

"मग ते दोन हात मागे?"

काकांनी रुमालाने डोळे पुसले. "बाहेर आलो तर बाबा रडत होते. त्यांना तेव्हा धड दिसत नव्हतं. म्हणाले, तू पाहिलास ना रे? गोल होता ना? मी म्हटलं, हो बाबा, पाहिला. दोन हात मागे होता. पुढच्या रविवारी म्हणाले, सांग रे पुन्हा. सांगितलं. मग सांगतच राहिलो."

शिट्टीसाहेबांनी चष्मा काढला.

"मीही नाही पाहिला," ते म्हणाले.

"काय?"

"ऊन थेट डोळ्यांत होतं. लाइनमनचा झेंडा वर गेलेला दिसला, शिट्टी मारली. सामना संपल्यावर बुटांच्या नाड्या सोडताना तो मला म्हणतो, साहेब, गांधीलमाशी नाकावर बसत होती, तिला हाकलत होतो."

"झेंड्याने?"

"झेंड्याने."

"अहो, मग सांगायचं की राव त्याच दिवशी!"

"कुणाला? तुम्हाला? तेव्हा तुम्ही फाटकाबाहेर हातोडी घेऊन उभे होतात!"

काकांना आठवलं. होते खरे. हातोडी खाली ठेवायची राहून गेली होती. ते हसायला लागले, मग साहेबही हसायला लागले, आणि हसता हसता दोघांच्याही डोळ्यांना पाणी आलं. शिट्टीसाहेबांनी पेन उचललं. "भलत्याच कारणाने वर गेलेल्या हातावर एकदा निकाल दिला मी. पुन्हा नाही देणार." त्यांनी चारावर काट मारून तीन केलं, तीनावर काट मारून चार केलं आणि खाली सही ठोकली.

कारकून आत आला, वही पाहून हबकला. "दुरुस्तीचं कारण काय लिहू, साहेब?"

"गांधीलमाशी... नाही, नाही. ऑफसाइड लिहा."

काका जिना उतरले ते जवळजवळ उड्या मारतच. मैदान ओलांडून गॅलरीशी पोहोचले आणि छाती फुगवून ओरडले, "फळ्या वाचल्या!"

"माहितीये की!" बेकरीवाला म्हणाला. "मघाशीच हात दिसला तुमचा. इतका वेळ वर काय करत होता?"

मघाशी काय झालं ते सांगायचा काकांना धीर होईना. म्हणून त्यांनी दुसरी बातमी काढली. ही ऐकून गॅलरी कोसळणार याची त्यांना खात्री होती. "ऐका! तो गोल खरा होता! शिट्टीसाहेबांनी स्वतः कबूल केलं!"

चाळीस माणसं त्यांच्याकडे बघत राहिली.

"मग? त्यात नवीन काय?" बेकरीवाल्याने विचारलं. "गोलच होता. आम्ही पाहिला ना!"

काकांचा चेहरा पडला. पण आज खरं बोलायची गोडी लागली होती. "मंडळी, आणखी एक. पोटात ठेवून आता राहवत नाही. तो गोल... मी पाहिलेला नाही."

मग काकूंनी पदर तोंडाला लावला, आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

"अहो, तुम्ही आमच्या पायाखाली होतात! तुम्ही आत शिरताना तुमच्या हातोडीवर माझाच पाय पडला होता. आम्हाला ठाऊक नसेल का?"

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"मग बावीस वर्षं ऐकून का घेतलंत?"

"आधी मामंजींसाठी," काकू म्हणाल्या. "ते किती खूश व्हायचे ऐकताना. ते गेले, तोवर आम्हालाच सवय लागली."

"आणि काका, आम्ही पाहिला त्यापेक्षा तुमचा गोल फार छान आहे हो," बेकरीवाला म्हणाला. "आमचा नुसता सहा हातांवरून मारलेला. तुमचा दर वर्षी थोडा थोडा लांबून येतो. गेल्या रविवारी तर तो बस डेपोतून निघाला होता!"