घायपाताची सोयरीक

आमच्या शेजारचे भानुदासमामा दाढी आठवड्यातून एकदाच करतात. पण गेल्या उन्हाळ्यात दाढीचा ब्रश मात्र ते रोज वापरत होते. उन्हं कलली की स्लॅबवर चढायचं, चिंचा झोडायच्या बांबूच्या टोकाला ब्रश बांधायचा आणि दारातल्या घायपाताच्या तुऱ्यावर तो फिरवत राहायचं. बघणाऱ्याला वाटावं, झाडाची दाढी चाललीय.

मामा एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाले, पण एसटी काही त्यांच्यातून उतरली नाही. ओट्यावर चहा पितानाही त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधत असतो. एका जागी अर्धा कप चहा संपेपर्यंत बसले तर मामी कपाळाला हात लावून ताप बघतात. बोलणं संपलं की "चला, डबल बेल!" म्हणून उठायचं, ही जुनी सवय. एकदा मयताच्या घरी, तिरडी उचलतानाच हे तोंडून गेलं. तेव्हापासून मामी त्यांना अशा ठिकाणी एकटं सोडत नाहीत.

तर घायपात. आमच्याकडे कुणी त्याला केकताड म्हणतं. बांधावरचं, कुंपणाचं, काटेरी झाड. पूर्वी त्याच्या पानांतल्या वाखाचे दोर वळायचे. वर्षानुवर्षं नुसते काटे दाखवत बसतं, आणि आयुष्यात एकदाच विजेच्या खांबाएवढा दांडा काढून फुलतं. मग मरतं. तुरा आला तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांनी मामांना ही बातमी, आपणच पहिल्यांदा सांगतोय अशा थाटात, दिली. मामांचं चित्त त्या दिवसापासून थाऱ्यावर राहिलं नाही.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवतो, एवढाच माझा गुन्हा. सकाळी दात घासत होतो तर मामा कुंपणावरून वाकले.

"सर, ह्याला बी धरायला पायजे. काय करावं लागंल?"

"बी कशाला मामा? बुडाला पिल्लं फुटलीत की. तीच लावा."

"पिल्लं न मागता येत्यात. मला बी पायजे."

मी परागकण वगैरे समजावलं. मामांनी त्यांचं तिथल्या तिथे 'पिवळी पूड' असं बारसं केलं, आणि चुन्याची रिकामी डबी धुऊन खिशात ठेवली. मग ब्रश सुरू झाला. सकाळ-संध्याकाळ स्लॅबवर येरझाऱ्या. कावळा तुऱ्यावर बसला की इकडून आरोळी. वारा सुटला की जेवणावरून उठायचं. मामी मला म्हणाल्या, "संसारात कवा माज्याकडं येवढं मान वर करून बघितलं न्हाई. मी पन खांबावर चढाया पायजे हुतं."

आठवडाभरानं मीच सांगितलं, की मामा, स्वतःच्याच पुडीनं ह्याला बी धरणं अवघड. दुसऱ्या झाडाची पूड आणा.

"म्हंजी सोयरीक बघायची?"

"तसंच समजा."

मामांनी खिशातून मोबाईल काढून माझ्यासमोर धरला. कुणा बाईच्या स्टेटसला, अंगणात वाळत घातलेल्या कुरडयांचा फोटो होता. मामांनी बोटांनी तो ताणला, ताणला, आणि मागच्या बाजूला कोपऱ्यात तुरा दिसला.

"काष्टीला हाय एक. आमच्या कुसुमच्या दारात. तिच्या सुनंनं टाकलाय फोटू."

"मग झालं की! बहिणीचंच घर."

मामांचा पाय जमिनीवर जोरात दाबला गेला. "बगू," म्हणाले, आणि डबल बेल न मारताच निघून गेले.

खरी गोष्ट मामींनी सांगितली. चारेक वर्षांपूर्वी कुसुमताईंच्या मनीषाचं लग्न होतं. सत्काराची नावं पुकारताना माईकवरच्या माणसानं सख्ख्या मामाच्या आधी कुठल्याशा सोसायटीच्या संचालकाचं नाव घेतलं. टॉवेल-टोपी मामांना दुसरी मिळाली. झालं! मामांनी ती खुर्चीवर ठेवली आणि मांडव सोडला. मंगलाष्टकांना नवरीच्या पाठीशी मामा हवा, तर मामा घरच्या, श्रीगोंद्याच्या रस्त्याला लागलेला. शेवटी कुसुमताईंचा एक लांबचा चुलतभाऊ मनीषामागं उभा राहिला. तेव्हापासून बहीण-भावाचं बोलणं बंद. दिवाळीत ना ती आली, ना हे गेले.

म्हणजे तुरा वाळायच्या आत मामांना काष्टीला पोचायचं होतं, आणि पाय उचलत नव्हता. रोज सकाळी कपडे करायचे, रोज दुपारी काढून ठेवायचे. खालची फुलं सुकायला लागली तसे मामाही सुकायला लागले. शेवटी एका रविवारी मी माझी गाडी काढली आणि त्यांना आत बसवलं.

शेजारी बसूनही वाटेतली सगळी वळणं त्यांनीच घेतली. काष्टी जवळ आली तसे मात्र ते चहासाठी गाडी थांबवू लागले. जन्मात रोडावर गाडी उभी केलेली न खपणारा माणूस. एका टपरीवर लागोपाठ दोन चहा प्याला. तिथंच एकदम म्हणाले, "पोरगी सारखी मागं वळून बघत हुती म्हनं, सर. मी दिसतोय का म्हनून. एका टॉवेलापायी घालवलं मी. लई वाईट वाटतंय."

मी चहाचे पैसे दिले आणि निघालो.

कुसुमताईंचं घर आलं तर म्हणाले, "पुढं घ्या." पुढं घेतली. परत फिरवली, तरी "पुढं घ्या." तिसऱ्या फेरीला मी दारातच गाडी बंद केली. कुसुमताई ओसरीवर गहू निवडत होत्या. मामा उतरले, कशी आहेस नाही, बरं आहे का नाही. खिशातली डबी पुढं धरून म्हणाले,

"फुलाची पूड पायजे हुती जरा."

ताईंनी सूपही खाली ठेवलं नाही. "शिडी गोठ्यामागं हाय."

मामा चढले. शिडी हलायला लागली तशा ताई उठल्या आणि दोन्ही हातांनी ती धरून उभ्या राहिल्या. वरून आवाज आला, "मनीषा बरी हाय का?"

"तिला इचार जाऊन. शिरूरला ऱ्हाती, लांब न्हाई."

"माज्याशी बोलंल का?"

"शिव्या देईल. ऐकून घे."

मी उगाच विचारलं, "ताई, हे झाड कुणी लावलं?"

"आमच्या आईनं. एकाच बुडाची दोन पिल्लं हुती. एक त्याला दिलं, एक मला सासरी."

माझ्यातला मास्तर जागा झाला. एकाच बुडाची पिल्लं म्हणजे झाड एकच, दोन दारांत लावलेलं. ह्या पुडीचा तिकडं काडीचा उपयोग नव्हता! मामा खाली उतरले तेव्हा त्यांना बाजूला घेऊन मी हळूच तसं सांगायला लागलो.

"म्हाईत हाय," मामा म्हणाले. "मोबाईलवर बघितलंय मी. पर सर, हात हालवत कसं यायचं बहिनीच्या दारात?"

आणि ते हातपाय धुवायला मागं गेले. ताईंनी आत पिठलं टाकलं होतं. जेवल्याशिवाय सोडणार नव्हत्या. मी स्वयंपाकघराच्या दाराशी पाणी मागायला गेलो, तर तांब्या देता देता त्या खालच्या आवाजात म्हणाल्या,

"त्याला सांगू नगा. घरातली समदी मागं लागल्यात, तुरा तारंला लागतोय, तोडा म्हनून. मी हात लावू दिला न्हाई. सूनबाईला म्हनलं, कुरडयांचा फोटू काढ, पर मागं तुरा दिसंल असा काढ. त्यो स्टेटस बगतो, म्हाईत हुतं मला."

मागच्या दारी मामा टॉवेल शोधत होते. ताईंनी डोळ्यांना पदर लावला आणि भाकरी उलटली.