भल्लाळराव अस्वलाला इंटरनेट समजत नाही

एका जंगलात, बाळांनो, मधाची एक कंपनी होती. जंगलात कंपनी कुठून आली, असं विचारू नका. जिथं मध असतो तिथं कंपनी येतेच.

कंपनीचं नाव होतं 'भल्लाळ आणि मंडळी'. अध्यक्ष होते भल्लाळराव अस्वल. वय झालेलं, अंगावर केस भरपूर, आणि आवाज असा की त्यांनी प्रेमानं 'बसा' म्हटलं तरी समोरचा उठून उभा राही. विक्री सांभाळायचे खड्गोजी गेंडा. गिऱ्हाइकानं तक्रार केली की ते नुसते त्याच्याकडे बघत. मग तक्रार राहत नसे. कधी कधी गिऱ्हाईकही राहत नसे. आणि कारभार होता कूर्माजीपंत कासवांकडे. त्यांच्याकडे कुणी रजा मागितली, तर ती मंजूर होईपर्यंत आजारी माणूस बरा झालेला असे.

धंदा सोपा होता. मधमाश्या मध करत. मंडळी तो मोहोळातून घेऊन जात आणि वडाखालच्या दुकानात विकत. बदल्यात मधमाश्यांना काय मिळे? संरक्षण. कुणापासून? अस्वलांपासून. आणि अस्वलच अध्यक्ष असल्यामुळे हे संरक्षण अगदी चोख होतं.

या कंपनीत सारिका नावाची एक साळुंकी नोकरीला होती. ती म्हणजे जाहिरात विभाग. सगळा विभाग ती एकटीच. रोज सकाळी वडाच्या शेंड्यावर बसून 'ताजा मध आला हो' असं ओरडायचं, हे तिचं काम. गळा गोड होता, काम जमत होतं.

पण सारिकाला खरी आवड होती ती समजावून सांगण्याची. कुणाला काही समजलं नाही, की तिला हुरूप येई. खेकड्याला सरळ चालणं म्हणजे काय, हे तिनं एकदा अख्खी दुपार समजावून सांगितलं होतं. समोरच्याचे डोळे चमकले आणि तो 'अस्सं होय!' म्हणाला, की तिला दाणापाण्याचीही शुद्ध राहत नसे. खेकडा तसं म्हणाला नव्हता. त्याचं तिला अजून वाईट वाटे.

पुढं काय झालं, की वडाखालची रांग आखडत चालली. आधी तरणे ससे यायचे बंद झाले. मग हरणं. मग माकडंही. सारिका ओरडून ओरडून घसा बसवून घेई, आणि खाली चार म्हाताऱ्या घोरपडी तेवढ्या उभ्या असत. त्यांनाही मध नको असे. सावली हवी असे.

एकदा सारिका नदीपलीकडच्या जंगलात बहिणीच्या सासरी गेली. तिथं तिनं एक नवल पाहिलं. एक ससा बिळाच्या तोंडाशी लोळत पडला होता. हातात मोबाईल. त्यानं नखानं दोन-तीनदा टकटक केलं. जरा वेळानं एक खार धावत आली, मधाचा बुधला ठेवून गेली. ससा उठलासुद्धा नाही.

"हे काय हो?" सारिकानं विचारलं.

"इंटरनेट," ससा म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

सारिकानं बहिणीकडचा मुक्काम वाढवला. दिवसभर ती इंटरनेट शिके. आणि शिकता शिकता तिच्या छातीत धडधड होई. निम्मी भीतीची, कारण आपली कंपनी आता बुडणार हे तिला दिसत होतं. निम्मी आनंदाची. एवढी मोठी, एवढी नवी, कुणालाच न समजणारी गोष्ट समजावून सांगायची संधी कुठल्या साळुंकीला मिळते?

परत आल्या आल्या तिनं बैठक मागितली.

बैठक जेवणानंतर ठेवली होती, हे जरा चुकलंच. भल्लाळराव पंजावर हनुवटी टेकून बसले होते. सारिकानं घसा खाकरला.

"साहेब, आज मी तुम्हाला आंतरजालाविषयी सांगणार आहे."

'जाल' हा शब्द ऐकताच कूर्माजीपंतांनी डोकं आणि चारही पाय आत घेतले.

"पंत, अहो बाहेर या."

"जाळं म्हणालात ना?" आतून आवाज आला. "माझे थोरले काका जाळ्यातच गेले."

"ते जाळं वेगळं, पंत. याला इंटरनेट म्हणू या."

"नेट म्हणजेही जाळंच," खड्गोजी म्हणाले. "असू दे. कुठं आहे ते? दाखवा."

"ते दिसत नाही साहेब. ते सगळीकडे असतं."

"देवासारखं?"

"हो. म्हणजे, तसं नाही..."

"नैवेद्य काय लागतो?"

"चार्जिंग लागतं," सारिका म्हणाली.

खड्गोजींनी मान डोलावली. कूर्माजीपंतांनी डोकं थोडं बाहेर काढलं. "दुपारी बंद असतं का?"

"नाही पंत. ते कधीच बंद नसतं. हीच तर गंमत आहे!"

"गंमत?" पंत दुखावले. "मग कर्मचाऱ्यांनी वामकुक्षी केव्हा करायची?"

सारिकानं हार मानली नाही. तिनं मातीत काडीनं चित्र काढलं. इकडे मोहोळ, तिकडे सशाचं बीळ, आणि दोन्हीला जोडणारी एक सरळ रेघ. "साहेब, इथून माल निघतो, इथं पोचतो. ना रांग, ना दुकान. मधे कुणी लागतच नाही!"

भल्लाळराव त्या रेघेकडे बराच वेळ बघत राहिले. मग मोठी जांभई देऊन म्हणाले, "बाई, काही समजलं नाही. पुन्हा सांगा. पुढच्या बैठकीत."

पुढच्या बैठकीत सारिकानं पुन्हा सांगितलं. त्याच्या पुढच्या बैठकीतही. पावसाळा सरला, थंडी आली, आणि सारिका सांगतच राहिली. रोज नवी उदाहरणं शोधी. इंटरनेट म्हणजे मुंग्यांची वाट. "मग मुंग्या चावतील," खड्गोजी म्हणाले. इंटरनेट म्हणजे वारा. "मग मध सांडेल," पंत म्हणाले. इंटरनेट म्हणजे पाणवठ्यावरची मोठी गर्दीच समजा. "तिथं मगर असते," दोघंही एकदम म्हणाले. आणि दर वेळी शेवटी भल्लाळराव म्हणत, "समजलं नाही, बाई."

ती नदीपलीकडून तिघांसाठी मोबाईल घेऊन आली. खड्गोजींची नजर कमजोर. ते पडद्याच्या इतके जवळ गेले की मोबाईल शिंगाला अडकला आणि तिथंच राहिला. कुणाचा फोन आला की ते डोकं झाडत पळत सुटत. कूर्माजीपंत आपला मोबाईल घेऊन पाठीच्या आत गेले. ते तिथं काय करत होते कुणास ठाऊक, पण दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या जंगलाला पहाटे कमळाच्या चित्रासकट सुप्रभात येऊ लागलं.

भल्लाळरावांनी मोबाईल दोन्ही पंजांत धरला, हुंगला आणि परत दिला.

सारिका फांदीवर जाऊन बसली. पिसं फुगवून, मान आत घालून. आपल्याला समजावून सांगता येत नाही, असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं. खेकड्याची गोष्ट वेगळी होती. इथं तर सगळ्यांचं पोट होतं. दुकान बंद पडलं तर तिथं कामाला असलेल्या खारी आणि माकडं, ती स्वतः, सगळेच उघड्यावर येणार होते. आणि ज्यांना हे कळायला हवं, ते वामकुक्षीविषयी विचारत होते.

शेवटची एकदा म्हणून ती मोबाईल घेऊन अध्यक्षांकडे गेली. "साहेब, निदान नदीपलीकडच्या मधाच्या कंपनीचं इंटरनेटवरचं पान तरी बघा."

भल्लाळरावांनी नाइलाजानं बघितलं. आणि ते ताडकन उभे राहिले. पानावर सगळ्यात वर एका अस्वलाचा फोटो होता. गळ्यात फुलांची माळ, मागं उगवता सूर्य. खाली लिहिलं होतं : 'द्रष्टे नेतृत्व'.

"हा तर माझा चुलतभाऊ!" भल्लाळराव गरजले. "याला लहानपणी नाक पुसता येत नव्हतं!"

"आता सगळं जंगल त्यांना ओळखतं, साहेब."

भल्लाळराव येरझाऱ्या घालू लागले. थांबले. पुन्हा फोटो बघितला.

"माझा याच्यापेक्षा मोठा येईल?"

"दुप्पट येईल, साहेब."

"मंजूर," भल्लाळराव म्हणाले.

सारिका आनंदानं झाडाभोवती गिरक्या घेऊ लागली. समजलं! शेवटी समजलं!

तिनं कंपनीचं पान तयार केलं, आणि बाळांनो, काय सुरेख केलं! वर भल्लाळरावांचा भला थोरला फोटो. त्याखाली मात्र तिनं आपला जीव ओतला. मध कसा होतो, कुठल्या फुलांचा होतो, कुठल्या मोहोळातून येतो, कुणाकडे जातो, सगळं चित्रांसकट. लहान पिल्लालाही समजावं असं. मधमाश्यांचे फोटो काढताना तिनं प्रत्येकीला हसायला लावलं.

जंगल वेडं झालं. ससे परत आले, हरणं परत आली. खारींना धावता धावता धाप लागली. भल्लाळराव दिवसातून अनेकदा स्वतःचा फोटो बघत. सगळं छान चाललं होतं.

मग एक दिवस मोहोळातून बोलावणं आलं. राणीमाशीनं सारिकाला भेटायला बोलावलं होतं.

"ये, सारिके," राणीमाशी म्हणाली. "आमच्या पोरी तुझं पान बघत होत्या. स्वतःचे फोटो बघायला गेल्या, आणि खालचं वाचत बसल्या. आम्हाला वाटायचं, आमचा मध मंडळी अडीअडचणीसाठी जपून ठेवतात. हे 'विक्री' म्हणजे काय गं?"

आता एखादी शहाणी साळुंकी काय करती? 'मला काही ठाऊक नाही' म्हणती आणि उडून जाती. पण कुणीतरी आपण होऊन विचारत होतं! किती दिवसांनी! सारिकाचा कंठच फुटला.

"राणीसाहेब, सांगते ना!" ती म्हणाली. तिनं विक्री सांगितली. गिऱ्हाईक सांगितलं. इंटरनेट सांगितलं. तिनं मातीत पुन्हा तेच चित्र काढलं, इकडे मोहोळ, तिकडे बीळ, आणि मधली रेघ.

राणीमाशीनं रेघेकडे एकदा पाहिलं.

"म्हणजे इथून तिथं. सरळ."

"सरळ!"

"अस्सं होय!" राणीमाशी म्हणाली, आणि तिचे सगळे डोळे एकदम चमकले. मधमाशीला डोळे बरेच असतात, बाळांनो. सारिकानं असं दृश्य जन्मात पाहिलं नव्हतं. ती गाणं म्हणत घरी गेली.

आठवडा उलटायच्या आत मधमाश्यांनी स्वतःचं पान काढलं. त्यावर कुणाचाही फोटो नव्हता. नुसता मध होता.

मंडळी मोहोळाकडे गेली, तर एक थेंब मिळाला नाही. "आमचं संरक्षण विसरलात काय?" असं विचारायला खड्गोजी एकटेच पुढं झाले. गेंड्याची कातडी जाड असते, पण नाकाचा शेंडा तुमच्याआमच्यासारखाच. परत आले तेव्हा शिंग शोधावं लागत होतं, एवढं नाक सुजलं होतं. त्यानंतर संरक्षणाचा विषय निघाला नाही.

वडाखालचं दुकान बंद झालं. खारी आणि माकडं मधमाश्यांकडे कामाला लागली. खड्गोजी चिखलात नाक बुडवून बसले. कूर्माजीपंतांनी निवृत्ती घेतली, पण ते आधीच इतके स्वस्थ असत की फरक कुणाच्या ध्यानात आला नाही.

सारिका भल्लाळरावांना भेटायला गेली. ते रिकाम्या दुकानाच्या पायरीवर उन्हात बसले होते.

"साहेब, चूक माझी आहे. मीच राणीसाहेबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, सगळ्यांना समजलं की सगळ्यांचंच भलं होईल. तुम्हाला तर शेवटपर्यंत समजावून सांगता आलं नाही."

भल्लाळरावांनी तिच्याकडे मान वळवली. "कोण म्हणतं समजलं नाही? पहिल्याच दिवशी समजलं."

"पहिल्याच दिवशी?"

"बाई, आम्ही काय मध करत होतो? मध माश्या करतात. आमचा धंदा मधाचा नव्हताच, मधे बसण्याचा होता. तुम्ही ती रेघ काढलीत आणि मी बघत राहिलो, की यात अस्वल कुठं आहे? नव्हतंच. पंत तर मला त्या संध्याकाळी म्हणाले, आपण असंच विचारत राहू, बाई दमतील."

"मग ते देव, ती वामकुक्षी, ती मगर..."

"पंत आणि खड्गोजी घरून तयारी करून येत. मगर खड्गोजींना सुचली होती. त्यांना तिचा फार अभिमान आहे."

"मग मंजुरी का दिलीत, साहेब?"

भल्लाळराव थोडे लाजले. "फोटो," ते म्हणाले. "फोटो पाहिला आणि अक्कल गेली. चांगला आला होता, नाही?"

सारिकानं पंखातलं एक पीस नीट केलं. मग दुसरं केलं. कंपनी बुडाली होती, नोकरी गेली होती, आणि समोर एक म्हातारं अस्वल रिकाम्या पायरीवर बसलं होतं. तिला रडू यायला हवं होतं. पण तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती.

"साहेब, एक विचारू?"

"विचारा."

"म्हणजे माझं समजावून सांगणं चांगलं होतं?"

"फारच छान होतं, बाई," भल्लाळराव मनापासून म्हणाले. "आम्हाला रात्र-रात्र झोप येत नव्हती."

आणि बाळांनो, सारिका इतकी सुखावली की तिनं तिथंच, त्या रिकाम्या दुकानाच्या छपरावर बसून, संध्याकाळ होईपर्यंत शीळ घातली.

तात्पर्य : एखादी नवी गोष्ट पुन्हा पुन्हा समजावून सांगूनही वरिष्ठांना समजत नसेल, तर त्यांच्यावर चिडू नये. त्यांना ती समजलेली असते. जिला ती समजलेली नसते, तीच समजावून सांगायला उभी असते.